छावणीत हरवलेली साखर

यंदा फाल्गुनातच ऊन चढलं. पुण्याहून अंबाजोगाईला आईकडे जायचं म्हटलं की मी हल्ली उजाडताच निघते, कारण मागच्या सीटवर चिंधी असते. चिंधी म्हणजे माझी मांजर. तिला जाळीचा पिंजरा आहे, आत मऊ दुलईचा तुकडा आहे, गाडीत गार हवा आहे, आणि तरीही नगर येईपर्यंत ती एका लयीत रडत असते. घरातलं मांजर ओरडतं तेव्हा काहीतरी मागत असतं. गाडीतलं मांजर विचारत असतं. त्या आवाजाला शेवटी एक वळण असतं, वर जाणारं, आणि ते ऐकून गाडी चालवणाऱ्या माणसाला उगाच अपराधी वाटतं.

जामखेडच्या पुढं ऊसतोडीहून परतणारे ट्रक भेटायला लागतात. सुट्या केलेल्या बैलगाड्या, भांड्यांची पोती, गुंडाळलेल्या चटया, कोंबड्यांचं डालगं, आणि या सगळ्याच्या वर तोंडाला रुमाल बांधून बसलेली माणसं. हंगाम संपवून ती घरी निघालेली असतात. परवा अशाच एका ट्रकच्या मागं मी बराच वेळ अडकले. डालग्याच्या भोकांतून एक कोंबडी बाहेर बघत होती. चिंधी मागं रडत होती. आणि मला एकदम ओल्या टॉवेलाचा वास आला. म्हणजे गाडीत कुठंही ओला टॉवेल नव्हता. पण आला.

तो वास त्या उन्हाळ्याचा आहे, ज्या उन्हाळ्यात आम्ही बीड जिल्हा सोडला.

माझे वडील, नाना, सहकारी साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. केजच्या बाजूला माळावर तो कारखाना होता आणि कारखान्याला लागून आमची वसाहत. हंगामात त्या वसाहतीला एक वास असायचा, गोड, जड, थोडा आंबूस. मळीचा वास. पाहुण्यांचं डोकं दुखायचं त्यानं. आम्हाला तो नसला की चुकल्यासारखं व्हायचं. चिमणीतून उडालेली काळी राख दोरीवरच्या कपड्यांवर बसायची आणि आई रोज त्या चिमणीला बोलायची. पुढं सलग पाऊस हुकला. विहिरी आटल्या, ऊस उभ्याउभ्या वाळला, आणि एका वर्षी बॉयलर पेटलाच नाही. त्या वर्षी आमचे कपडे पांढरेशुभ्र वाळायचे. आई ते दोरीवरून काढताना काही बोलायची नाही.

आमच्याकडं दोन मांजरी होत्या. पांढरी ती साखर आणि काळी ती मळी. कारखान्याच्या वसाहतीत दुसरी नावं सुचणार तरी कशी! साखर अंगानं बारीक, कान सतत टवकारलेले, दारात पातेलं पडलं तरी कपाटावर जाऊन बसणारी. मळी जाडजूड आणि मुकी. तिनं कधी आवाज केलेला मला आठवत नव्हता. भूक लागली की ती नुसती येऊन समोर बसायची आणि बघत राहायची. दोघी आईच्या. नानांना मांजराचं वावडं होतं. त्यांच्या पांढऱ्या विजारीवर केस दिसले की ते न बोलता ब्रश शोधायचे.

पगार थांबले, तसे वसाहतीतले लोक एकेक करून निघाले. कुणी सासुरवाडीला, कुणी मुंबईला. जाताना लोकांनी भांडी नेली, दारावरची तोरणं नेली, कुत्री-मांजरं मागं ठेवली. संध्याकाळी रिकाम्या घरांच्या पायऱ्यांवर ती बसलेली दिसायची. कारखान्यानं काही थोडी माणसं ठेवून घेतली होती, यंत्रं राखायला आणि पुढची लागवड बघायला. नानांनाही थांबा म्हणाले होते. पण नानांना कृष्णाकाठच्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं आणि त्यांनी हो म्हटलं.

"मांजरं इथंच राहू दे," नाना आईला म्हणाले. "त्यांचा जीव घरावर असतो, माणसावर नसतो. तिकडं नेलीस तरी टिकायची नाहीत."

"टिकायची का नाहीत ते तिकडं गेल्यावर बघू," आई म्हणाली.

"एवढ्या लांब? गाडीतनं? या उन्हात? कावून हट्ट करतीस?"

"मग मी बी राहते इथंच. माझा बी जीव घरावर आहे."

माझी सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मी दारामागं उभी राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी आई वडवणीच्या बाजारातून बांबूचं मोठं डालगं घेऊन आली, कोंबड्या ठेवतात तसलं, आणि त्याला वरून झाकण शिवून घेतलं. वाटेत मांजरींना लागेल म्हणून घमेल्यात चुलीतली राख भरून घेतली. जुने टॉवेल भिजवून गाडीच्या खिडक्यांना लावायचे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आमची गाडी जुनी, पांढरी, नानांनी कुणाकडून तरी घेतलेली. तिच्या पुढच्या बंपरला पाणी गार ठेवणारी कॅनव्हासची छागल टांगलेली असायची.

आम्ही भल्या सकाळी निघालो. एवढ्या लवकर का, ते मला तेव्हा कळलं नाही. कळंबला जायचा नेहमीचा रस्ता युसूफ वडगावावरून. नानांनी तो सोडला आणि गाडी एका कच्च्या रस्त्याला घातली.

"इकडनं कुठं?" आईनं विचारलं.

"जवळ पडतं," नाना म्हणाले.

ते जवळ पडत नव्हतं. त्या पट्ट्यातल्या गावोगाव नाना वर्षानुवर्षं फिरले होते. ऊस लावा, कारखाना आपलाच आहे, असं ओट्याओट्यावर बसून सांगत होते. आता त्या लोकांसमोरून बायकोमुलीला आणि बिछान्याच्या वळकट्यांना घेऊन जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. हे सगळं मला फार उशिरा आईनं सांगितलं. तेव्हा मला दिसत होती ती फक्त त्यांची मान, घामानं भिजलेली, आणि जरा जास्तच ताठ.

साखर निघाल्यापासून रडत होती. मळी डालग्याच्या तळाशी पसरून गप्प पडली होती. ऊन वर आलं तशा दोघी कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागल्या. मांजरं अशी धापा टाकतात हे मला माहीत नव्हतं. मी घाबरले. आईनं टॉवेल पिळून डालग्यावर टाकला, हात आत घालून त्यांच्या पंजांना, कानांना पाणी लावलं. धूळ, ओला कापूस, गरम झालेलं रेक्झिन आणि मांजराच्या अंगाचा तो थोडासा पिठासारखा वास. ते सगळं मिळून एक झालं होतं. बाहेर काही म्हणजे काही हिरवं नव्हतं. ढेकळं, कुंपणाच्या काट्या, आणि लांबवर उन्हात हलणारा रस्ता.

आणि गाडी तापली. पुढून वाफ यायला लागली, नानांनी गाडी बाजूला घेतली आणि छागलीतलं उरलेलं पाणी घातलं. ते पुरलं नाही. समोर थोड्या अंतरावर माळावर पोत्यांच्या चवाळ्यांचे, उसाच्या पाचटाचे मांडव दिसत होते, ओळीनं. सोसायटीनं चालवलेली गुरांची छावणी होती ती. नाना किती तरी वेळ तिकडं बघत नुसतेच उभे राहिले.

"पाणी तिथंच मिळेल," आई म्हणाली.

"माहीत आहे," नाना म्हणाले, आणि तरी हलले नाहीत.

तेवढ्यात छावणीतूनच एक माणूस हातात बादली घेऊन आमच्याकडं यायला लागला. उंच, काटक, डोक्याला टापशी गुंडाळलेली. हे लिंबाजी. युसूफ वडगावजवळच्या एका वाडीतले शेतकरी, कारखान्याचे जुने सभासद. नानांच्या शब्दावर ऊस लावणाऱ्यांत पहिले. त्यांच्याकडं आम्ही हुरडा खायला गेलो होतो, म्हणून मीही त्यांना ओळखत होते.

"सायेब, वाफ दिसली म्हणून आलो," ते म्हणाले. "गाडी सावलीला घ्या. पोरीला ऊन लागंल."

गाडी ढकलत मांडवापर्यंत नेली. लिंबाजींची बायको कौसाबाई पुढं आली. त्यांच्या दोन गाई आणि एक बैल तिथं होते आणि गुरांबरोबर ती दोघंही तिथंच राहत होती, तीन दगडांची चूल मांडून. कौसाबाईंनी आईला हाताला धरून सावलीत बसवलं. "वैनी, आदी च्या घ्या. मंग बाकीचं." आणि डालग्याकडं बघून त्या हसल्या. "कोंबड्या नेताव का काय?"

"मांजरी आहेत," आई म्हणाली.

"मांजरी! आन् त्या कशापायी?"

आईनं उत्तर म्हणून झाकण जरासं वर केलं, वाटीभर पाणी आत सरकवावं म्हणून. त्याच क्षणी शेजारचा बैल हंबरला. झाकणाच्या फटीतून एक पांढरी रेघ निघाली, माझ्या खांद्यावरून गेली आणि गुरांच्या ओळीत नाहीशी झाली.

साखर गेली.

आई उठून उभी राहिली आणि तिचा चेहरा असा झाला की मी आजही तो नीट आठवू इच्छित नाही. महिनाभर घर आवरताना, शेजारणींचा निरोप घेताना ती एकदाही रडली नव्हती. आता तिच्या हातातली वाटी कलली होती आणि पाणी तिच्या पायावर सांडत होतं. त्या माळावर शेकडो गुरं, त्यांचे खूर, त्यांच्यामध्ये फिरणारी कुत्री. आई एवढंच म्हणाली, "तिच्याशिवाय मी गाडीत बसायची नाही."

मला वाटलं, नाना चिडतील. सांगितलं होतं म्हणतील. नानांनी पायातल्या चपला काढल्या, विजार दुमडली आणि ते शेणातून, चिखलातून, गुरांच्या रांगांमध्ये शिरले. आधी नुसते वाकून बघत होते. मग त्यांनी हाक मारली. मांजरीला नावानं हाक मारण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

"साखर..."

हलकेच, कुणाला ऐकू जाऊ नये अशी.

"सायेब, आसं कसं ऐकू येईल तिला?" लिंबाजी म्हणाले, आणि त्यांनी तोंडाशी हात धरून शेतातली हाळी दिली. "साखऽऽर! ये साखऽऽर!"

पलीकडच्या मांडवातून कुणीतरी विचारलं, काय झालं बे? सायबाची साखर हरवली, असं कुणीतरी सांगितलं. मग तोही उठला. मग आणखी चारदोघं. बघता बघता सगळ्या छावणीतली माणसं, म्हातारी, तरणी, बायका, गव्हाणीखाली, पेंडीच्या पोत्यांमागं, टँकरखाली वाकून बघायला लागली आणि साद घालायला लागली. ज्यांचा सगळा ऊस त्या वर्षी जळून गेला होता ती माणसं, त्या भाजणाऱ्या माळावर, साखर साखर म्हणून ओरडत होती. एका म्हाताऱ्याच्या ते आधी लक्षात आलं. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आवंदा कारखान्यातनं तर निघाली न्हाई. आता छावणीतनं तरी निघंल!"

मग लिंबाजी हसले, आणि मग सगळा माळ हसला. नाना गुडघ्यावर बसले होते एका गाईच्या पुढ्यात. त्यांचे खांदे हलायला लागले. मला कळेना ते हसतात का रडतात. मला वाटतं त्यांनाही कळत नसावं.

साखर कौसाबाईंनाच सापडली. त्यांच्याच गाईच्या गव्हाणीत, उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगात ती बसली होती, अंग चोरून, डोळे मोठे करून. गाय तिला हुंगत होती. कौसाबाईंनी पदर टाकून तिला उचललं आणि लेकराला घेतात तसं छातीशी धरलं. "धडधड बघा किती होतीय जिवाची," त्या म्हणाल्या. आणि नवल म्हणजे साखर, जी आईशिवाय कुणाच्या हातात थांबायची नाही, ती त्या पदरात डोकं खुपसून गप्प राहिली.

नाना गव्हाणीतल्या वाढ्यांकडं बघत होते. हिरवी, ताजी होती.

"हा कुठला माल?" त्यांनी विचारलं.

"कृष्णाकाठचा," लिंबाजी म्हणाले. "तुमी जिकडं चाललाव, तिकडलाच. ट्रकनं येतो."

नानांनी मान वर केली नाही. तेव्हा लिंबाजीच बोलले. "सायेब, आमाला समदं ठाव हाय. मंग कावून तोंड लपवून आडवाटंनं चाललाव? आमी काय अडविणार व्हताव?"

"ऊस लावा म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला," नाना म्हणाले.

"सांगितलं व्हतं. पर आमाला लावायचा व्हता म्हणून लावला. पाऊस काय तुमच्या हातात हाय? जावा. लेकरू हाय, शाळा हाय. तितं पानी हाय, जावा." मग जरा थांबून म्हणाले, "जाताना सांगून गेलं असतं तर बरं वाटलं असतं, बस्स."

त्यांनी गाडीत पाणी घातलं ते गुरांच्या वाट्याच्या हौदातलं. नाना नको नको म्हणत होते. छागलही भरून दिली. आम्ही निघालो तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. कौसाबाई पदराला चिकटलेले पांढरे केस वेचत उभ्या होत्या.

परवा मांजरसुंब्याला मी चहाला थांबले. टपरीवरच्या माणसानं काच खाली असलेल्या खिडकीतून आत डोकावून बघितलं. "मांजर हाय व्हय? कुठवर चाललाव?"

"अंबाजोगाई. आईकडं."

"लई वरडतीय. घर सोडवत नसंल," तो म्हणाला आणि एका बशीत थोडं दूध घेऊन आला. चिंधीनं ते हुंगलंसुद्धा नाही. मी चहा पीत उभी राहिले. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला घर सोडून निघणं नवं नाही. दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यामुळं असेल, पण इथं वाटेवरच्या माणसाला कुणी फार प्रश्न विचारत नाही. आधी पाणी विचारतात.

त्या उन्हाळ्यात, छावणीतून निघाल्यावर, कळंब गेलं, बार्शी गेली, कुर्डुवाडीच्या फाटकात आम्ही रेल्वेसाठी ताटकळलो. साखर आता डालग्यात नव्हतीच. आईच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली, नुसतं नाक बाहेर. उन्हं कलताना कृष्णेच्या पुलावर आलो. नानांनी गाडी हळू केली. खाली पाणी होतं, वाहतं, रुंद, एवढं की त्यात म्हशी डुंबत होत्या आणि पोरं उड्या मारत होती. दोन्ही काठांना डोळे दुखतील असा हिरवा ऊस. मला वाटलं आईला आनंद होईल. आई म्हणाली, "हे सगळं इथंच कसं?" आणि तोंड फिरवलं.

नवं घर मोठं होतं. नळाला दिवसभर पाणी. मळी पहिल्या दिवशीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पसरली आणि तिनं ते घर आपलं मानलं, निदान आम्हाला तसं वाटलं. साखर मात्र आवारात उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊन बसली. रोज तिथंच. आई बशी तिथं नेऊन ठेवायची. "तिला वाटतंय अजून प्रवास संपला नाही," आई म्हणायची. नाना कामावर निघताना आधी वाकून गाडीखाली बघायचे.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. कारखान्यामागच्या मोकळ्या रानात पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहिल्या. आई बाजारातून येताना एकदम थबकली. कुणीतरी म्हणत होतं, "आमी कवाच आलताव, तुमीच उशीर केलाव." आई माझा हात ओढत त्या आवाजाकडं गेली. डोक्यावर पाण्याची कळशी, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. कौसाबाई.

कौसाबाईच आधी म्हणाल्या, "आवंदा आमीबी आलाव, वैनी. तुमच्या मागं मागं." आणि लगेच, "मांजर कशी हाय?"

नवराबायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. ज्या माणसाकडं आम्ही हुरडा खाल्ला, जो कारखान्याच्या सभेत पुढच्या रांगेत बसायचा, तो आता एक कोयता झाला होता आणि त्याची तोड नानांच्या हाताखाली येत होती. संध्याकाळी नाना कोप्यांकडं गेले. मी बरोबर होते. लिंबाजी पटकन उठले आणि त्यांनी टापशी सारखी केली. नाना त्यांच्याशेजारी खाली पाचटावर बसले. मग नानांनी विचारलं, "गुरं?"

"एक गाय ऱ्हायली. भावाकडं हाय."

एवढंच. पण त्यानंतर नाना रोज संध्याकाळी तिथं जायचे.

आणि साखरही. एक दिवस गाडीखाली बशी तशीच भरलेली दिसली. आई शोधत शोधत कोप्यांकडं गेली तर ती कौसाबाईंच्या चुलीपाशी बसली होती, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा खात, कानसुद्धा न टवकारता. आईनं तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथं. आई पुन्हा गेली. कौसाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई. त्या हाकलायच्या, लटकेच काठी उगारायच्या. साखर कोपीला वळसा घालून मागून आत शिरायची. एके दिवशी आई गेली ती तिला घेऊन यायला नाही, तर नुसतीच. दोघी चुलीपाशी बसून बोलत होत्या आणि साखर दोघींच्या मध्ये. मला वाटतं, आईला आपली भाषा ऐकायची असायची. साखरलाही तेच हवं असेल का, हे मी कुणाला विचारू शकले नाही.

हंगाम संपला. ट्रक लागले. कौसाबाई साखरला पदरात घेऊन आमच्या दारात आल्या आणि तिला आईच्या हातात देऊन वळल्या. फाटकापर्यंत गेल्या. साखर ओरडायला लागली, तोच गाडीतला आवाज, शेवटी वर चढणारा. कौसाबाई थांबल्या, पण मागं बघेनात.

"घेऊन जा तिला," आई म्हणाली.

"न्हाई वैनी. तुमची हाय. आन् ट्रकवर उन्हात मरंल ती."

नाना ओट्यावर उभे होते. ते आत गेले, गाडीची किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, "ट्रकवर कशाला? आपण गाडीनं सोडू. लिंबाजीरावांना बोलवा."

असा तो दुसरा प्रवास. पुढं नानांशेजारी लिंबाजी, मांडीवर छागल घेऊन अवघडून बसलेले. मागं आई, मी, कौसाबाई. साखर कौसाबाईंच्या मांडीवर, आणि मळी डालग्यात, कारण तिला एकटीला कुठं ठेवायचं? आई वाटेत टॉवेल भिजवायची आणि कौसाबाई ते पिळून खिडकीला लावायच्या. कळंब ओलांडल्यावर लिंबाजी म्हणाले, "सायेब, आडवाटंनं घ्यायची का?"

"नाही," नाना म्हणाले.

युसूफ वडगावचा बाजार भरला होता. नाना गर्दीतून हॉर्न वाजवत, हळूहळू, काचा खाली करून गेले. लोक वळून बघत होते. कुणीतरी ओरडलं, "आरं, शेतकी सायेब!" नानांनी गाडी थांबवली. खाली उतरले. माणसं जमा झाली, कुणी हात धरला, कुणी गुळाचा खडा पोरीला म्हणून माझ्या हातात ठेवला. आलाव का सायेब, एवढंच सगळे विचारत होते. त्यात टोमणा नव्हता. नाना प्रत्येकाला नावानिशी त्याच्या रानाचं विचारत होते आणि उत्तर ऐकून मान हलवत होते.

लिंबाजींच्या वाडीत साखर कौसाबाईंच्या हातातून उतरली, उंबरा हुंगला आणि आत गेली. आई दाराबाहेर उभी राहून वाट बघत होती. साखर परत बाहेर आली नाही. आईनं हाक मारली नाही. "चला," म्हणाली.

परतताना गाडीत खूप जागा होती. वाडी मागं पडली आणि डालग्यातून आवाज आला. आम्हाला आधी कळलंच नाही कसला ते. मळी रडत होती. जिनं आयुष्यात आवाज काढला नव्हता ती मळी, जाडसर, फुटक्या आवाजात, एकसारखी. आईनं हात आत घातला, पाणी दिलं, गोंजारलं. ती थांबेना. कारखान्याची थंड चिमणी लांबून दिसत होती, आणि तिच्या पलीकडं आमची वसाहत.

नानांनी एका बाभळीखाली गाडी थांबवली. मागचं दार उघडलं, डालग्याचं झाकण काढलं आणि मळीला दोन्ही हातांनी उचलून घेतलं, अवघडून, कसं धरायचं ते माहीत नसल्यासारखं. तिला मांडीवर घेऊन ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. तिचे काळे केस त्यांच्या पांढऱ्या विजारीवर उतरत होते. ती हळूहळू शांत झाली.

"परत यायचं आपण," नाना म्हणाले.

आईनं विचारलं, "पाऊस पडल्यावर?"

"पडो, न पडो."

तिकडच्या कारखान्यातल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मृगाच्या तोंडावर आम्ही परत आलो. इकडच्या कारखान्यानं त्यांना लागवडीच्या कामावर पुन्हा घेतलं, यंत्रं राखणाऱ्या त्या मोजक्या माणसांत. क्वार्टरमध्ये बोटभर धूळ होती, नळ कोरडा होता, आणि पायरीवर शेजाऱ्यांचं एक सोडलेलं लंगडं कुत्रं बसलं होतं. त्यालाही आईनं ठेवून घेतलं. नाना सकाळी उठून गावोगाव जायचे. ऊस लावा म्हणून नाही. तूर कशी आहे, विहिरीला झरा लागला का, असं विचारत ओट्याओट्यावर बसायचे आणि दिवस मावळता परत यायचे.

त्या वर्षीही पाऊस बेताचाच झाला. एका संध्याकाळी ढग नुसतेच जमून निघून गेले तेव्हा मी कुरकुरले. तिकडं कृष्णेला एव्हाना पूर आला असेल, म्हणाले. आई ओट्यावर मळीच्या अंगातल्या गोचड्या काढत बसली होती. तिनं वरही बघितलं नाही.

"येऊ दे," ती म्हणाली. "इथला पाऊस बघायला इथं कुणीतरी पाहिजे ना."